उंचीवरून पाहताना

विमानाने प्रवास करणाऱ्यांत खिडकीजवळची जागा आवर्जून मागून घेणारे आणि वाटेकडेची जागा पसंत करणारे असे दोन वर्ग सरळसरळ पडतात. दुसऱ्या वर्गातली माणसे व्यवहारी असतात. त्यांना पाय मोकळे सोडायचे असतात, उतरताना सर्वांच्या आधी उभे राहायचे असते, आणि प्रवास हा दोन कामांच्या मधला निरुपयोगी वेळ आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. पहिल्या वर्गातल्या माणसांना नेमके काय हवे असते, हे सांगणे तितके सोपे नाही. हल्ली आपल्या पसंतीची जागा आगाऊ राखायची तर बऱ्याच विमान कंपन्या त्याचे वेगळे काही शे रुपये घेतात. तेही ही माणसे निमूटपणे देतात. पृथ्वी पाहण्यासाठी एवढी दक्षिणा जास्त नव्हे, असा माझा हिशेब आहे. कारण मी याच वर्गातला. निवृत्तीनंतर मुलीकडे हैदराबादला जाण्यायेण्याच्या निमित्ताने इंदूरहून पहाटेचे विमान अनेकदा धरले आणि दर वेळी डावीकडची खिडकी मागून घेतली. या खिडकीतून पाहता पाहता एक प्रश्न मनात रुतून बसला आहे. तो वरवर क्षुल्लक वाटेल. दुरून आणि उंचावरून जे सुंदर दिसते, त्याच्या सौंदर्याचा आनंद निर्वेधपणे घेण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

उंचीवरून पाहिले म्हणजे मन विशाल होते, हे मत सर्वमान्य आहे. वरून सीमा दिसत नाहीत, जातीपाती दिसत नाहीत, बांधावरून चाललेली भांडणे दिसत नाहीत. सगळी पृथ्वी एक दिसते, असे आपण ऐकत आलो आहोत. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ या यानातून विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र टिपले, तेव्हापासून तर या मताला जणू पुरावाच मिळाला. परंतु मत जुनेच आहे. दुसऱ्या शतकातला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या टिपणांत स्वतःलाच बजावतो की माणसांच्या उलाढालींकडे उंच जागेवरून पाहावे, म्हणजे त्यांचे खरे आकारमान कळते. आपल्याकडे योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात एक जुना श्लोक उद्धृत केलेला आहे. त्याचा आशय असा की प्रज्ञेच्या प्रासादावर चढलेल्या ज्ञानी पुरुषाला शोक करणारी माणसे, डोंगरमाथ्यावरच्या माणसाला सपाटीवरची माणसे दिसावीत तशी दिसतात.

या श्लोकाकडे मी पुनःपुन्हा वळतो, कारण त्यात दोन गोष्टी आहेत ज्या विमानाच्या खिडकीत नाहीत. एक म्हणजे तो ज्ञानी पुरुष वर चढून गेलेला आहे. प्रासादाच्या पायऱ्या त्याने आपल्या पायांनी चढल्या, वाटेत दम लागला असेल, काही सोडून द्यावे लागले असेल. आपण तिकीट काढतो, पट्टा आवळतो आणि अर्ध्या तासात अशा उंचीवर जातो जेथे कोणताही ऋषी पोचला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डोंगरावरून त्याला माणसे दिसतात, आणि ती शोक करीत आहेत हेही दिसते. दुःखापासून तो अलग झाला असेल. त्या दुःखाविषयी अजाण झालेला नाही.

विमानातून माणूस किती लवकर दिसेनासा होतो, हे कोणीही पाहून घ्यावे. कार्तिकातली सकाळ असते. धावपट्टी सुटते तेव्हा कुंपणापलीकडच्या वस्तीत दात घासत उभा असलेला मनुष्य स्पष्ट दिसतो, त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलचा रंगही दिसतो. मग तो ठिपका होतो. घरे आणखी काही वेळ टिकतात, रस्ते त्याहून जास्त वेळ. सोयाबीन निघून गेलेली आणि नुकता गहू-हरभरा पेरलेली माळव्याची काळी शेते चौकटी-चौकटींनी पसरतात आणि ती पाहून डोळे निवतात. पण डोळे निवतात तेव्हा त्या शेतांत कोणीच नसते. सीमा दिसत नाहीत हे खरे. माणसेही दिसत नाहीत. माणूसच दृष्टीआड करून मिळवलेली विश्वबंधुत्वाची भावना मला फार स्वस्तात पडलेली वाटते.

इंदूर सोडल्यावर काही मिनिटांतच माळव्याचे पठार संपते. सिमरोलचा घाट, जो उतरायला आमच्या लहानपणी मोटारीला घाम फुटत असे, तो वरून पाहताना जमिनीला पडलेल्या चुणीसारखा दिसतो, आणि पुढे निमाडचा सखल प्रदेश येतो. विमान अजून चढतच असते. खाली नर्मदा लागते. उजव्या बाजूला बसलेल्यांनी नीट पाहिले तर दक्षिण काठावर रावेरखेडीचा परिसर असतो, जेथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी देह ठेवला आणि जेथे त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्यांच्या किंवा त्यांच्या सरदारांच्या मागोमाग ही नदी ओलांडूनच उत्तरेकडे आले. त्यांना नदीपार व्हायला नावा, उतार आणि मुहूर्त लागत; विमानाला एक मिनिटही पुरे होते. डाव्या बाजूला मांधात्याचे बेट, म्हणजे ओंकारेश्वर, त्याच्या लगतचे धरण आणि त्यामागचे पाणी. त्या पाण्यावर अलीकडे काळसर चौकोन मांडलेले दिसतात. २०२४ पासून तेथे तरंगत्या पटांवर सौर वीज निर्माण होत आहे. आणि त्याच्याही पलीकडे, पूर्वेला, जेथून सूर्य वर येत असतो तेथे, इंदिरा सागर.

त्या दृश्याचे वर्णन करण्याचा मोह मी आवरत नाही, कारण ते पुरते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे अप्रामाणिक ठरेल. पाणी क्षितिजापर्यंत जाते. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने जलाशय भरलेला असतो. त्याला एक काठ नाही. शेकडो काठ आहेत. पाणी ओढ्याओढ्यांत शिरलेले आहे, टेकड्यांची बेटे झालेली आहेत, आणि त्या बेटांच्या कडेने धुक्याचे पांढरे पदर अजून उठायचे असतात. मग सूर्याचा किरण त्या पाण्यावर तिरका येतो. आधी एक फाटा उजळतो, मग दुसरा, मग एका क्षणात सगळा विस्तार वितळलेल्या तांब्यासारखा होतो. डोळे दिपतात तरी नजर काढवत नाही. मी हे दृश्य निदान आठ-दहा वेळा पाहिले आहे आणि दर वेळी छातीत काहीतरी भरून आले आहे. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही.

आता त्या पाण्याविषयीच्या इतर गोष्टी. या धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ रोजी श्रीमती इंदिरा गांधींच्या हस्ते बसली. पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर. जलाशयाचे क्षेत्र ९०० चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि साठवणीच्या दृष्टीने तो देशातला सर्वांत मोठा. वीज निर्मितीची क्षमता १,००० मेगावॅट. २४९ गावे बुडिताच्या क्षेत्रात आली आणि त्यांबरोबर हरसूद हे एक आख्खे शहर. ३० जून २००४ ही हरसूद रिकामे करण्याची अंतिम तारीख होती. त्या महिन्यात लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. विटा, चौकटी, वासे, पत्रे, जे नेता येईल ते गाड्यांवर लादून नेले. खंडवा-इटारसी लोहमार्गही त्या टापूत वळवून नव्या जागेवरून न्यावा लागला. आज छनेराजवळ नवे हरसूद आहे. जुन्या शहराच्या जागेवर उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे पडक्या भिंती आणि जोती वर येतात, आणि जुने रहिवासी तेथे जाऊन आपले घर कोठे होते ते शोधतात.

मी महसूल खात्यात होतो आणि नोकरीची पहिली काही वर्षे निमाडातच गेली. त्यामुळे त्या प्रदेशातली पुष्कळ गावे मला नावांनी ठाऊक आहेत, पटवारी-हलक्यांच्या क्रमाने ठाऊक आहेत. गावाचा जुना नकाशा म्हणजे सोळा इंचांस एक मैल या मापाचा कागद किंवा मेणकापड. त्यावर प्रत्येक शेताचा खसरा क्रमांक. नकाशा हीदेखील उंचीवरून पाहण्याचीच एक रीत आहे, हे लक्षात घ्यावे. विमान नव्हते तेव्हाही जरीब आणि फलक घेऊन फिरणाऱ्या माणसांनी गावाचे असे चित्र काढले, जे गावातल्या कोणी कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. एकदा एका गावी नकाशा खाटेवर पसरलेला असताना एक म्हातारी बाई बराच वेळ तो पाहत उभी राहिली. शेवटी तिने विचारले, आम्ही बाया नदीवर जातो ती वाट यात कुठे आहे? ती वाट नकाशात नव्हती. दोन शेतांच्या कडेने जाणारी पायवाट होती, नोंद होण्याजोगी नव्हती. तिने बोट टेकवून ती कोठून जाते ते दाखवले. बोटाला शेणाचा ओलावा होता, त्याची एक पुसट रेघ कापडावर काही काळ राहिली. तिला तक्रार करायची नव्हती. आपले गाव कागदावर पाहताना माणूस ओळखीची खूण शोधतो तशी ती शोधत होती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की नकाशा वाईट आणि पायवाट चांगली. हा आजकालचा सोपा पवित्रा मला मान्य नाही. ज्याचे शेत नकाशात नाही, त्याला भरपाईही नाही; ज्याचे नाव खतौनीत नाही, त्याच्या हक्काची बाजू न्यायालयातही लंगडी पडते. ज्यांनी कोणाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबून नोंदीत नाव मिळवले नाही, त्यांना विचारावे की कागदावरच्या त्या सूक्ष्म अक्षरांची किंमत काय असते. पुरातही तेच. मंत्रिमहोदयांच्या हवाई सर्वेक्षणाची आपण थट्टा करतो, आणि तीत तथ्यही आहे; हेलिकॉप्टरच्या काचेतून पाहिलेल्या पुराने कोणाचे पायताण भिजत नाही. परंतु कोणत्या गावाचा रस्ता तुटला आहे, पाणी कोणत्या बाजूने वळले आहे, नाव कोठून सोडता येईल, हे वरूनच कळते, आणि ते वेळेवर कळले म्हणजे जीव वाचतात. उंची ही ज्ञानाची एक जागा आहे. आक्षेप तिच्यावर नाही. प्रश्न तेथून पाहणाऱ्याचे पुढे काय होते, हा आहे.

एकदा माझ्या शेजारी इंदूरचीच एक तरुण मुलगी बसली होती. हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. विमान सुटण्यापूर्वी मी घरी फोनवर बोललो ते ऐकून ती म्हणाली, "काका, तुम्ही मराठी ना? आम्ही पण." मग आडनावे झाली, गल्ल्या झाल्या, तिचे आजोबा आणि माझे थोरले बंधू एका शाळेत होते असे निघाले. मध्ये बसलेली असल्याने ती माझ्यापुढून वाकून खिडकीबाहेर पाहत होती. जलाशय उजळला तेव्हा तिच्या तोंडून एकदम निघाले, "किती सुंदर! काका, हा समुद्र आहे का?" आणि तिने भ्रमणध्वनी काढून छायाचित्र घेतले.

माझ्यासमोर एक लहानसा पण खरा पेच होता. सकाळची वेळ, तरुण मन, निर्मळ आनंद. त्या आनंदात एका बुडालेल्या शहराची बातमी टाकणे हे सत्यनिष्ठेचे कृत्य की वयस्कांचा नेहमीचा रसभंग? सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये, हा संकेत आपल्याला लहानपणापासून शिकवलेला आहे. त्याच्या आडोशाने गप्प बसणे मला सहज शक्य होते. शिवाय तिचा त्यात काय संबंध? हरसूद रिकामे झाले तेव्हा ती बाळ असेल.

पण संबंध होता, आणि तो माझ्या-तिच्या दोघांच्याही घरातल्या नळातून रोज वाहत होता. १९७० मध्ये नर्मदेचे पाणी शहराला मिळावे म्हणून इंदूरच्या नागरिकांनी मोठे आंदोलन केले. जुन्या मंडळींना ते आठवत असेल. १९७८ मध्ये जलूदहून पाणी उपसून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, घाट चढवून शहरात आणले गेले. तेव्हा वरची ही धरणे नव्हती. आज मात्र जलूदला येणारी नर्मदा ही इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर यांच्या दरवाजांतून आणि यंत्रांतून सोडलेली नर्मदा आहे. आपल्या दिव्यांत त्या पाण्याची वीज आहे. निमाडच्या कालव्यांवर पिकलेला गहू आपल्या ताटात आहे. म्हणजे खिडकीतून पाहणारा हा निव्वळ द्रष्टा नाही. सांख्यांचा पुरुष प्रकृतीचा खेळ पाहतो आणि अलिप्त राहतो, कारण त्याला त्या खेळातून काही नको असते. ज्याला वीजही हवी, पाणीही हवे आणि वर देखावाही हवा, त्याने स्वतःला साक्षी म्हणवून घेणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

मी तिला सांगितले. फार काही सांगितले नाही. समुद्र नव्हे, धरणाचे पाणी आहे; त्याच्याखाली हरसूद आहे. "हरसूद कुठे आलं?" तिने विचारले. मी काचेवर बोट ठेवून अंदाजाने जागा दाखवली. ती आता छायाचित्र घेत नव्हती. पण पाहायची थांबलीही नाही. उलट अधिक टक लावून पाहू लागली, आणि लागोपाठ प्रश्न विचारू लागली. शहर केवढे होते? लोक गेले कुठे? देवळांचे काय केले? तेवढ्यात पंख फिरला, जलाशय मागे पडला. त्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे मी दिली. रसभंग झाला असे तिच्या चेहऱ्यावर दिसले नाही, आणि तेव्हापासून अप्रिय सत्याबद्दलच्या त्या संकेताचा आपण जरा अतिरेकच करतो असे माझे मत झाले आहे.

या ठिकाणी कालिदासाची आठवण टाळता येत नाही. विमान नसलेल्या काळात त्याने दोनदा आकाशातून पृथ्वी पाहिली आणि दोन्ही वेळा ती निरनिराळी दिसली. शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून खाली येतो. डोंगरमाथ्यांवरून जमीन खाली घसरत आहे असा भास, पानांत बुडालेली झाडांची खोडे हळूहळू उघडी पडणे, बारीक दिसणाऱ्या नद्यांचे पाणी स्पष्ट होत जाणे, हे सारे तो इतक्या अचूकपणे सांगतो की विमान उतरताना आजही पडताळून पाहावे. परंतु हे एका पाहुण्याचे पाहणे आहे. त्या भूमीवर त्याच्या ओळखीचे कोणी आहे हे त्याला अद्याप माहीत नाही. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात लंकेहून अयोध्येला परतताना राम पुष्पक विमानातून सीतेला खालचा प्रदेश दाखवतो. सागर आणि सेतू दाखवून झाल्यावर तो जे दाखवू लागतो ते देखावे नाहीत. येथे तुझे एक नूपुर मला सापडले. या पर्वतावर पावसाळ्यात तुझ्या विरहाने मी रडलो. ही पंचवटी, ही गोदावरी, येथे आपण राहत होतो. वरून दिसणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला खालून चालत गेल्याची आठवण चिकटलेली आहे. आणि यामुळे तेथले सौंदर्य उणे झालेले नाही. त्या सर्गातली समुद्राची आणि संगमाची वर्णने संस्कृत काव्यात अग्रगण्य मानली जातात.

यातून माझ्यापुरता मला थोडा उलगडा होतो. उंचीवरच्या सौंदर्यात दोष नाही. ते अपुरे आहे, आणि अपुरेपण भरून काढण्याची सोय जमिनीवरच आहे. ज्याने चालून पाहिले आहे त्याचे वरून पाहणे वेगळे होते. नर्मदेच्या बाबतीत तर आपल्या परंपरेने ही गोष्ट व्रत करून ठेवली आहे. परिक्रमा करणारा नदीला पायांनी मोजतो. गो. नी. दांडेकरांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आपल्या घराघरांतून वाचले गेले ते याच वाटेचे. परिक्रमावासीयाला नदी कधीच संपूर्ण दिसत नाही; एका वेळी एक घाट, एक झाडी, एक सदावर्त. तथापि कोणत्या गावात कोणी पीठ घातले हे त्याला मरेपर्यंत आठवते. आता परिक्रमेची ती जुनी वाटही कित्येक ठिकाणी पाण्याखाली गेली आहे आणि परिक्रमावासीयांना लांबचा वळसा पडतो.

अर्थात सर्वांनी सर्व ठिकाणी चालून यावे हे अशक्य आहे. मग ज्याला चालणे शक्य नाही त्याने काय करावे? निदान विचारावे, असे मला वाटते. आणि कोणी न विचारता सांगू लागला तर ऐकावे. २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात घोघलगाव येथे काही स्त्रीपुरुष सतरा दिवस उभे राहिले होते. पाण्याची पातळी खाली आणावी, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. त्या वादात येथे शिरत नाही. मला एवढेच दिसते की त्यांनी आपले शरीर पाण्याच्या पातळीवर आणून ठेवले होते, कारण नुसते अर्ज करून आपण वरून दिसत नाही याचा त्यांना अनुभव होता. त्या सतरा दिवसांतही रोज सकाळी आकाशातून विमाने गेली असतील, आणि खिडकीजवळच्या प्रवाशांनी पाणी किती सुंदर चमकते आहे असे म्हटले असेल. त्यांना दोष देता येत नाही. तेवढ्या उंचीवरून मानेएवढ्या पाण्यातले डोके दिसत नाही. आणि पाण्यावर आता एक वेगळाच रंगही चढला आहे. इंदिरा सागराच्या काठी हनुवंतिया येथे २०१६ पासून जलमहोत्सव भरू लागला. तंबू, नौका, रोषणाई. लोक आनंदाने जातात. जावेच. मात्र नौकेतून उतरल्यावर नावाड्याला त्याचे मूळ गाव कोणते, एवढे जरी कोणी विचारले तरी पुष्कळ झाले.

विमान पुढे जाते तशी सातपुड्याची रांग लागते, तापी लागते, आणि मग वऱ्हाडची काळी माती. येथे मला नेहमी आपल्या सर्वांचा, म्हणजे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडून आलेल्या घराण्यांचा, विचार येतो. आपण मातृभूमीवर प्रेम करतो ते बहुतांशी खिडकीतूनच. कुलदैवत, मूळ गावाचे नाव, गणपतीतल्या आरत्या, शिवचरित्र, लावणीच्या दोन ओळी, दिवाळी अंक. हे सारे खरे आहे, आणि ते जतन केल्याबद्दल आपल्याला थोडा अभिमान असला तर बिघडत नाही. पण अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, अमरावती, वर्धा या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांतल्या काही जिल्ह्यांवरून हे विमान जाते तेव्हा खाली कापसाचे शेत किती नेटके दिसते! आपल्या संमेलनांतून महाराष्ट्राचे जे चित्र रंगवले जाते ते या उंचीवरचे असते, असे म्हटले तर कोणी रागावू नये. तिकडच्यांनाही आपण असेच दुरून दिसतो. आपल्या मराठीला ते गोड म्हणतात आणि विसरून जातात. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने पायी उत्तरेचा रस्ता धरला आणि ते बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे 'माझा प्रवास' आजही ताजे वाटते, कारण त्यात रस्त्यावरची माणसे आहेत. भीती आहे, भूक आहे, कोणी दिलेला आसरा आहे.

पेनगंगेवरच्या इसापूर धरणाचे पाणी डावीकडे चमकून जाते. ते तर मी कधी जमिनीवरून पाहिलेले नाही. तेही सुंदर दिसते. त्या सकाळी ते दिसताच शेजारच्या मुलीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "याच्याखाली कोणतं गाव, काका?" हा प्रश्न तिला सुचला याचे मला फार बरे वाटले. मी म्हटले, हा भाग हिंगोली-यवतमाळच्या सीमेवरचा. तुझ्या कचेरीत मराठवाड्याची पोरे पुष्कळ असतील, त्यांना विचार.

गोदावरी मागे पडली. सूर्य बराच वर आला होता आणि बहुतेकांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. शमशाबादला उतरण्याची तयारी सुरू झाली. तेलंगणातले गोलाकार खडक दिसू लागले, मग रस्ते, रस्त्यांवरची वाहने, शेवटी एका कोपऱ्यावर बस येण्याची वाट पाहणारी माणसे. पट्टे सुटल्यावर घाईघाईत सामान काढता काढता तिने विचारले, हरसूदला जाता येते का? मी सांगितले, उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. इटारसी मार्गावर छनेराला गाडी थांबते. पुढची वाट तेथल्या कोणालाही विचारावी, सांगतात.